दिवाळी ते शिमगा : कोकणात अंगणात उभ्या राहणाऱ्या गाडीचा रंग कव्हरखाली कसा जपावा

दिवाळी आटोपून मुंबई-पुण्याची मंडळी परत फिरली की कोकणातल्या कित्येक घरांसमोर एखादी गाडी कव्हर घालून उभी राहते आणि ती थेट शिमग्यालाच बाहेर निघते. घरात राहणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी कोणी गाडी चालवत नाही, पडवीत ती मावत नाही आणि शेड बांधण्याचा बेत दर वर्षी पुढच्या वर्षावर जातो. त्यामुळे हे चार महिने तिला उघड्यावरच काढावे लागतात. मार्चमध्ये कव्हर काढल्यावर बॉनेटवर पांढुरके डाग, टपाच्या कडांना बारीक ओरखड्यांचे जाळे आणि दारांच्या खालच्या कडेला रंगाखाली उठलेले फोड दिसतात, आणि सगळा दोष कव्हरच्या दर्जाला दिला जातो. बहुतेक वेळा कव्हर बरे असते, पण ते मिठावर, धुळीवर किंवा ओलीवर घातलेले असते. म्हणून पुढील विवेचनात कव्हरच्या खरेदीइतकाच भर ते घालण्याआधीच्या एक-दोन दिवसांवर दिला आहे.

हिवाळ्यात रंगावर काय काय पडते

किनारपट्टीवर हिवाळ्यात दुपारचे तापमान ३० अंशांच्या वर जाते आणि पहाटे ते १८ ते २० अंशांपर्यंत उतरते. दापोलीसारख्या उंचावरच्या गावांत त्याहूनही खाली. निरभ्र रात्री गाडीचा पत्रा आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे टाकत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. हवेत बाष्प भरपूर असल्यामुळे मध्यरात्रीनंतर टप, बॉनेट आणि काचांवर दव धरते. छपराखालची गाडी सकाळी कोरडी असते आणि तिच्या शेजारी उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीवरून पाणी ओघळत असते, कारण छपरामुळे पत्र्याची उष्णता आकाशाकडे निसटत नाही.

दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे लाटांच्या तुषारांमधले मिठाचे सूक्ष्म कण सोबत आणतात. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि त्याचा खारट द्राव होतो. किनाऱ्यालगतच्या रात्री ही पातळी सहज ओलांडतात. त्यामुळे दव पडले नाही तरी गाडीवरचे मीठ रात्रभर ओलेच राहते. अखंड रंगाला या द्रावाने लगेच इजा होत नाही, परंतु खडी लागून जिथे टवका उडालेला आहे किंवा दाराची कड खरचटलेली आहे तिथून गंज आत शिरतो आणि रंगाखालून पसरत जातो.

तिसरी गोष्ट म्हणजे जांभ्याची लाल धूळ. तिच्यात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे असतात आणि सोबत गारगोटीचे कठीण कणही असतात. चिरेखाणीजवळची, कच्च्या रस्त्यालगतची किंवा मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेची घरे या धुळीला चांगलीच ओळखून आहेत. आधुनिक गाडीवरचे रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा-सातवा भाग. त्यातला वरचा पारदर्शक क्लिअर कोट ४० मायक्रॉनच्या आसपास असतो. गाडीची चमक आणि उन्हापासूनचे संरक्षण या एका पातळ थरावर अवलंबून असते. त्यावर धूळ ठेवून वरून कापड चढवले आणि ते वाऱ्याने हलू दिले, तर ते कापड पॉलिश पेपरचेच काम करते.

झाडांचा विषय वेगळा आहे. पौष-माघात आंब्याला मोहोर येतो, मोहोरावर तुडतुडे येतात आणि त्यांच्या अंगातून निघणारा गोडसर चिकट द्रव खाली ठिबकतो. पुढे त्यावर काळी बुरशी वाढते. बागायतदार ज्याला खार पडणे म्हणतात, तीच खार झाडाखालच्या गाडीवरही पडते. फणसाचा चीक, बदामाच्या झाडावर रात्री येणाऱ्या वटवाघळांची विष्ठा, कावळ्यांची शीट आणि माघ-फाल्गुनात भाजावळ (पालापाचोळा जाळून शेतजमीन भाजणे) सुरू झाली की उडत येणारी राख हे सगळे त्यात जमेस धरावे. राख दवाने भिजली की तिचे क्षारयुक्त पाणी होते आणि त्याचे डाग क्लिअर कोटमध्ये उतरतात.

पहिली पायरी : जागा ठरवणे

सावलीच्या मोहाने गाडी आंब्याखाली किंवा फणसाखाली लावू नये. नारळाखाली तर मुळीच नाही. झावळी पडली तरी टप चेपतो आणि नारळ पडला तर काच राहत नाही. आगरात सगळीकडेच माड असतील तर घराच्या भिंतीलगतची मोकळी पट्टी पाहावी. समुद्र पश्चिमेला असल्यामुळे घराच्या पूर्वेकडची बाजू खाऱ्या वाऱ्यापासून बरीच आडोशाला असते, शिवाय दुपारनंतरचे ऊनही तिथे पोहोचत नाही. घर गैरसोयीचे असेल तर उंच गडग्याचाही (दगडी कुंपणाचाही) आडोसा चालतो, मात्र गाडी आणि गडगा यांच्यात माणूस सहज फिरेल एवढे अंतर ठेवावे. वारा खेळता नसेल तर ओल सुकत नाही, आणि जागा अरुंद असेल तर कव्हर घालताना ते चिऱ्यांवर घासून त्यांची लाल भुकटी आतल्या बाजूला चिकटते.

जमिनीकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. कोकणातली माती पावसाळ्यानंतर बरेच आठवडे ओल धरून असते; ती ओल वर येते आणि कव्हरने बंद केलेल्या जागेत कोंडते. चिरे किंवा फरशी बसवलेले अंगण असेल तर उत्तम. माती किंवा सारवण असेल तर गाडीच्या लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा कागद जमिनीवर अंथरून त्यावर गाडी घ्यावी आणि कागदाला एका बाजूला किंचित उतार द्यावा, म्हणजे अवकाळी पावसाचे पाणी त्यावर साचणार नाही.

शेड शक्य नसेल तर चार खांबांवर शेडनेट किंवा झावळ्यांचा साधा मांडव घालावा. तो टपापासून किमान दोन हात उंच असावा, कारण मधून वारा गेला पाहिजे. मांडव आणि त्याखाली हवा खेळणारे कापडी कव्हर ही जोडी, माझ्या मते, कितीही महाग कव्हर एकटे उघड्यावर वापरण्यापेक्षा सरस ठरते. मांडवामुळे दव कमी धरते, कव्हरवर थेट ऊन पडत नाही आणि कव्हरचे आयुष्यही वाढते.

दुसरी पायरी : मीठ उतरवणे

धुण्याचे काम सकाळी लवकर सुरू करावे, म्हणजे सुकायला पूर्ण दिवस मिळतो. पाण्याची परीक्षा आधी करून घ्यावी. समुद्रालगतच्या बऱ्याच विहिरींचे पाणी मचूळ असते. अशा पाण्याचा एक थेंब काचेवर ठेवून उन्हात सुकू द्यावा आणि पांढरे वर्तुळ उमटते का ते पाहावे. ठळक वर्तुळ उमटले तर सुरुवातीचे धुणे त्या पाण्याने चालेल, मात्र शेवटचे विसळणे नळाच्या किंवा गोड्या विहिरीच्या पाण्याने करावे. त्यासाठी दोन-तीन बादल्या पुरतात.

प्रथम फडका न लावता नुसत्या पाण्याच्या धारेने वरून खाली धूळ वाहून जाऊ द्यावी. चाकांच्या वरच्या कमानी, दारांच्या खालची पट्टी आणि गाडीचा तळ यांना पाइपने भरपूर पाणी मारावे. पुळणीवर (समुद्रकाठच्या वाळूवर) किंवा जेटीवर गाडी नेली असेल तर हा भाग दोनदा करावा. मग गाडीसाठीच्या सौम्य शाम्पूच्या फेसाने, मऊ मायक्रोफायबर हातमोज्याने एकेक भाग धुवावा. एका बादलीत शाम्पूचे पाणी आणि दुसऱ्या बादलीत मोजा विसळण्यासाठी साधे पाणी ठेवले, तर निघालेली रेती पुन्हा रंगावर जात नाही. भांडी घासण्याचा साबण किंवा कपड्यांची पावडर वापरू नये. त्याने मेण निघून जाते.

चिकटलेल्या गोष्टी खरवडून काढू नयेत. शीट वाळलेली असेल तर तिच्यावर ओला फडका दहा मिनिटे ठेवावा, ती आपोआप सुटते. फणसाच्या चिकाला घरचा उपाय लागू पडतो: हाताला लावतो तसे थोडे खोबरेल बोटाने हळूच चोळावे, चीक सैल झाला की पुसून शाम्पूने तो भाग धुवावा. डांबराच्या ठिपक्यांसाठी टार रिमूव्हर मिळतो. गाडी धुऊन झाल्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून रंगावरून हलकेच बोटे फिरवावीत; उघड्या हाताला न जाणवणारी खरखर पिशवीतून लगेच कळते. खरखर बरीच असेल तर क्ले बारने (रंगात रुतलेले कण उचलणाऱ्या मऊ वडीने) ती काढून घ्यावी किंवा ते काम डिटेलिंगवाल्याकडे द्यावे.

आता सुकवणे. वरचा पत्रा टॉवेलने पुसला तरी आरशांच्या मागे, दारांच्या रबरात, नंबरप्लेटमागे आणि वायपरखालच्या जाळीत पाणी दडून असते. वायपरखाली साचलेली पाने हाताने काढावीत. दारांच्या खालच्या कडेला पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्रे असतात; मातीने ती बुजली असतील तर टूथपिकने मोकळी करावीत, कारण दारांच्या कडेला खालून येणारे फोड बहुधा तिथूनच सुरू होतात. त्यानंतर गाडी दहा-पंधरा किलोमीटर डांबरी रस्त्याने फिरवून आणावी, म्हणजे ब्रेकसुद्धा कोरडे होतात, आणि मग दारे, बॉनेट व डिकी उघडून दोन-तीन तास उन्हावाऱ्यात ठेवावी.

तिसरी पायरी : टवके बुजवणे आणि मेणाचा हात

बॉनेटच्या पुढच्या कडेवर आणि चाकांमागे खडीने उडालेले टवके शोधावेत. जिथे पत्रा उघडा दिसतो तिथे गाडीच्या रंगक्रमांकाचा टचअप रंग ब्रशच्या टोकाने भरावा. काम सुबक दिसले नाही तरी चालेल, पत्रा झाकला जाणे महत्त्वाचे आहे. मात्र पूर्ण भाग नव्याने रंगवून घेतला असेल तर घाई नडते. ताज्या रंगातले द्रावक पुढे काही आठवडे हळूहळू उडत असतात; किमान महिनाभर त्यावर मेण लावू नये आणि कव्हरही घालू नये. याचा सरळ अर्थ असा की नवरात्राआधीच डेंटिंग-पेंटिंग उरकून घ्यावे, निघायच्या आदल्या आठवड्यात काढू नये.

मेणाचे दोन प्रकार बाजारात मिळतात. कार्नौबा मेणाने झळाळी छान येते, पण आपल्याकडच्या उन्हात ते दोन महिन्यांच्या आतच उतरते. चार महिने गाडी उभी राहणार असेल तर सिंथेटिक सीलंट अधिक टिकते. ते सावलीत, गार पत्र्यावर, अगदी पातळ थराने लावावे. सिरॅमिक कोटिंग केलेल्या गाडीला हे लावायची गरज नसली तरी तिलाही धुणे-सुकवणे चुकत नाही. कोटिंगवर ओरखडे पडत नाहीत या समजुतीत तथ्य नाही. काही ठिकाणी गाडी उभी करण्यापूर्वी डिझेलचा हात मारण्याची पद्धत आहे. तळाच्या लोखंडाचा प्रश्न निराळा, पण रंगावर डिझेल लावल्याने धूळ चिकटून बसते आणि रबर फुगते, म्हणून रंगाला ते लावू नये.

चौथी पायरी : कव्हर निवडणे

उघड्यावरच्या गाडीवर ताडपत्री किंवा प्लास्टिकचा कागद थेट घालू नये, मग पावसाची भीती कितीही असो. आतले बाष्प बाहेर जाऊ शकत नाही, दिवसा ते तापते, रात्री आतल्या बाजूला थेंब धरतात आणि ओला कागद रंगाला चिकटून राहतो. पांढुरके डाग पडण्याचे नेहमीचे कारण हेच. शंभर टक्के वॉटरप्रूफ असे ठळक छापलेल्या बऱ्याच कव्हरांना आतून प्लास्टिकचा सलग थर असतो आणि त्यांची गत ताडपत्रीपेक्षा फारशी वेगळी होत नाही. आपल्याला पाणी बऱ्यापैकी अडवणारे पण हवा जाऊ देणारे कापड हवे असते. दुकानातच परीक्षा करता येते: कापड तोंडाला घट्ट धरून जोरात फुंकावे, पलीकडे हाताला हवा जाणवली पाहिजे. तीन-चार थरांचे न विणलेले पॉलिप्रॉपिलीनचे कव्हर, ज्याच्या आतल्या बाजूला मऊ लव किंवा फ्लॅनेलसारखे अस्तर आहे, ते आपल्या हिवाळ्याला योग्य ठरते. चंदेरी पॉलिएस्टरचे कव्हर ऊन चांगले परतवते, परंतु त्याची चंदेरी भुकटी बोटांना लागू लागली की ते निवृत्त करावे.

मापाच्या बाबतीत तडजोड करू नये. सेडानचे कव्हर हॅचबॅकवर ढगळ बसते आणि ढगळ कापड वाऱ्यात फडफडते. आपल्या मॉडेलसाठीच शिवलेले, आरशांना खिसे असलेले, खालच्या कडेला सलग इलॅस्टिक आणि पोटाखालून बांधायचे दोन तरी पट्टे असलेले कव्हर घ्यावे. पट्ट्यांचे बकल प्लास्टिकचे असावे; धातूचे बकल रंगावर आपटते आणि खाऱ्या हवेत गंजतेही.

पाचवी पायरी : घालण्याची वेळ आणि रीत

दुपारी चार ते साडेपाच ही वेळ साधावी. तोवर पत्रा पूर्ण कोरडा झालेला असतो, हाताला सोसवेल इतका निवलेला असतो आणि दव धरायला अजून अवकाश असतो. भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर कव्हर टाकले की अस्तर मऊ पडलेल्या मेणाला चिकटते, आणि दिवेलागणीनंतर टाकले तर ओल आत घेऊनच ते बसते. सकाळी दव पुसून लगेच कव्हर घालणे ही सर्वांत वाईट वेळ, आणि मुंबईला निघण्याच्या गडबडीत नेमकी तीच साधली जाते. निघायचे पहाटे असेल तर कव्हर आदल्या संध्याकाळीच घालून ठेवावे.

हे काम दोघांचे आहे. कव्हर जमिनीवर पसरू नये. ओटीवर किंवा चटईवर उलगडून त्याची पुढची बाजू ओळखावी आणि तिथे रंगीत दोऱ्याची खूण शिवावी, म्हणजे पुढच्या वेळी ते उलटसुलट ओढावे लागणार नाही. अँटेना निघत असेल तर काढून ठेवावी, निघत नसेल तर तिच्या टोकाला मऊ कापड गुंडाळावे. गुंडाळलेले कव्हर टपाच्या मधोमध ठेवून एकाने पुढे व दुसऱ्याने मागे उलगडत न्यावे, मग दोन्ही बाजू खाली सोडाव्यात. ते उचलून ठेवायचे, रंगावरून ओढायचे नाही. आरसे खिशांत बसवल्यावर कडा बंपरखाली घ्याव्यात आणि पट्टे पोटाखालून ताणून बांधावेत.

या टप्प्यावर शेजारून एक सल्ला हमखास येतो: चार चिरे ठेवा कडेला, कुठे जाते कव्हर! कव्हरच्या कडेला दोरीने टांगलेला चिरा वाऱ्याने झुलतो आणि दाराच्या खालच्या पट्टीवर ठोके देत राहतो. वारा फारच असेल तर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे कव्हरवरून एक रुंद, मऊ कापडी पट्टा घेऊन तो गाडीखाली बांधावा. काथ्याची सुतळी वरून बांधू नये. ती ओली झाली की आक्रसते आणि कापडावर काचते.

रंगाशी थेट संबंध नसलेल्या दोन-तीन गोष्टी इथेच उरकाव्यात. टायरांत पूर्ण हवा भरावी, हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ओंडके लावावेत, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी आणि आत खाण्याचा कणही ठेवू नये, कारण कव्हरखालचा निवारा उंदरांना फार आवडतो.

मधल्या महिन्यांत

दर दहा-पंधरा दिवसांनी कोणीतरी कव्हर काढून गाडी पाहिली पाहिजे. घरातल्या काकांना किंवा शेजारच्या मुलाला हे काम सांगताना नुसते लक्ष ठेवा असे म्हणू नये; काय पाहायचे ते नेमके सांगावे. सकाळी दहानंतर, वरचे दव पूर्ण सुकल्यावर कव्हर उचलावे आणि त्याच्या आतल्या बाजूवरून तळहात फिरवावा. बाहेरून रोज भिजणारे कव्हर आतून कोरडे लागले तर सगळे ठीक आहे. आतून दमट लागले किंवा कुबट वास आला तर गाडी संध्याकाळपर्यंत उघडी ठेवावी आणि कव्हर उलटे करून वाळत घालावे. दाराच्या फटीत किंवा आरशाच्या खाचेत कुंभारमाशीने मातीचे घर बांधलेले आढळते. ते नखाने उचकटले तर तिने आणलेली माती रंगावर घासते, म्हणून ते पाण्याने भिजवून, लगदा झाल्यावर धारेने काढावे. ओंबील (झाडावरच्या लाल मुंग्या) झाडावरून कव्हरवर उतरत असतील तर टेकलेली फांदी छाटावी.

उघडलेल्या गाडीवर धूळ दिसली तर कोरड्या फडक्याने झटकू नये. पाण्याची धार द्यावी, सुकवावे आणि चारच्या सुमारास पुन्हा झाकावे. पाणी मारणे जमणारे नसेल तर धूळ आहे तशी राहू देऊन कव्हर अलगद ठेवणे बरे, कारण पुसण्याने पडणारे ओरखडे त्याहून जास्त असतात.

हिवाळ्यात पाऊस नाही असे गृहीत धरणे किनाऱ्यावर धोक्याचे आहे. फयान वादळ २००९च्या नोव्हेंबरात आले आणि ओखीचा तडाखा २०१७च्या डिसेंबरात जाणवला. वादळाचा इशारा आला की कव्हर आणखी आवळण्याची सहज बुद्धी होते, पण मोठ्या वाऱ्यात ओले कव्हर फाटते आणि फाटण्यापूर्वी रंग घासून काढते. अशा वेळी ते काढून घरात न्यावे, गाडी झाडांपासून दूर घ्यावी आणि तिला भिजू द्यावे. पाऊस ओसरल्यावर गोड्या पाण्याने मीठ उतरवून, दोन उन्हे दाखवून मगच तिला पुन्हा झाकावे.

काढताना

चार महिन्यांत कव्हरच्या वरच्या बाजूला लाल धुळीचा आणि राखेचा थर साचलेला असतो. ते ओढून काढले की तो सगळा थर रंगावर उतरतो. आधी मऊ झाडूने कव्हर वरच्यावर झाडावे, पट्टे सोडावेत, मग दोन्ही बाजूंच्या कडा टपावर अशा घड्या घालत न्याव्यात की मळकी बाजू मळक्या बाजूलाच लागेल, आणि पुढून-मागून गुंडाळी करून ती दोघांनी उचलून बाजूला घ्यावी. गाडीला ताबडतोब पाण्याची धार देऊन शाम्पूने धुवावे, आणि शिमग्याच्या गर्दीत ती बाहेर काढण्यापूर्वी सीलंटचा एक नवा हात द्यावा. रंगपंचमीचे रंग मेण लावलेल्या पत्र्यावरून सहज निघतात.

कव्हर सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवून, न पिळता दोरीवर सावलीत सुकवावे आणि शिवणींवर पाणी ओतून कुठे पाझरते ते पाहून घ्यावे. पूर्ण सुकल्यावर ते कापडी पिशवीत भरून माळ्यावर, उंदरांच्या वाटेपासून लांब टांगावे. पावसाळ्यात गाडी उघड्यावर राहणार असली तरी हे कव्हर तिच्यावर घालू नये; सततच्या पावसात ते सुकतच नाही, आणि त्या काळासाठी वरून पत्र्याचे छप्पर हाच उपाय आहे.